ज्याला पाठवलं नाही, तोच ठरवायचा कोण जाणार : डीक स्लेटन

बाकावरचा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय, सांभाळून घ्या.

अमेरिकन अंतराळवीर म्हटलं की आपल्या तोंडी दोन नावं येतात, आर्मस्ट्राँग आणि ऑल्ड्रिन. फार तर बिचारा कॉलिन्स. मला लिहायचंय ते डीक स्लेटनबद्दल. मूळ नाव डोनाल्ड केंट. एडवर्ड्सच्या हवाई तळावर आणखी एक डॉन होता, म्हणून याला डी. के. म्हणायला लागले आणि डी. के. चं झालं डीक. १९२४ चा जन्म, विस्कॉन्सिनमधल्या स्पार्टाजवळच्या शेतकऱ्याचा मुलगा. पाच वर्षांचा असताना घोडे जुंपलेल्या गवतकापणी यंत्रात डाव्या हाताची अनामिका गेली. तरी पठ्ठ्याने दुसऱ्या महायुद्धात बॉम्बफेकी विमानं उडवली, युरोपात ५६ मोहिमा आणि शेवटी जपानवर ७. पुढे मिनेसोटा विद्यापीठाची विमान अभियांत्रिकीची पदवी, मग चाचणी वैमानिक. एप्रिल १९५९ मध्ये नासाने पहिले सात अंतराळवीर जगासमोर उभे केले, त्यात हा होता.

त्या सातांपैकीच जॉन ग्लेन फेब्रुवारी १९६२ मध्ये पृथ्वीभोवती तीन फेऱ्या मारून आला. पुढचा नंबर स्लेटनचा. यानाचं नावही ठरवून ठेवलं होतं, डेल्टा ७. आणि मार्चच्या मध्यावर जाहीर झालं की हा जाणार नाही. कारण काय, तर हृदयाचे ठोके अधूनमधून अनियमित पडतात. हे डॉक्टरांना १९५९ पासून माहीत होतं, सेंट्रिफ्यूजवर गरगर फिरवताना लक्षात आलं होतं. अडीच वर्षं कोणी काही बोललं नाही आणि नंबर आल्यावर फाईल उघडली. (हे वाचून ज्यांना आपलं ऑफिस आठवलं त्यांनी हात वर करा.)

खरी गोष्ट पुढेच आहे. नासाने त्याला घालवलं नाही, अंतराळवीरांचा कारभारी केलं. जेमिनी, अपोलो, स्कायलॅब या नासाच्या मोहिमांत कुठल्या यानात कोण बसणार हे पुढची दहा वर्षं त्याच्या टेबलावर ठरलं. चंद्रावर चाललेले बाराच्या बारा त्याने पाठवले. आणि त्याला स्वतःला साध्या जेट विमानातसुद्धा शेजारी दुसरा वैमानिक असल्याशिवाय बसायची मुभा नव्हती.

शेवटी १९७५ मध्ये, वयाच्या ५१ व्या वर्षी गेला. सातांपैकी सगळ्यात शेवटी.

आता हे सगळं का आठवलं ते सांगतो. मी पुण्यात एका कंपनीत आहे. परदेशात क्लायंटकडे कोणाला पाठवायचं याची यादी गेली चार वर्षं मी करतो. माझा व्हिसा दोनदा नाकारलाय. पहिल्यांदा जायचं ठरलं तेव्हा हौसेने थंडीचा जाड कोट घेतला होता, तो अजून कपाटात पिशवीत बांधून टांगलेला आहे. दर वर्षी कोणीतरी विचारतो, ‘सर, तुमच्याकडे कोट आहे म्हणे?’ मी सांगतो, ‘नाही रे, देऊन टाकला.’

प्रश्न एवढाच. आपल्याला न मिळालेली गोष्ट दुसऱ्यांना वाटायचं काम सरळ मनाने करता येतं का? स्लेटनला आलं, असं मला वाटतं. तुम्हाला काय वाटतं?

---

गुळपोळी

पहिली मी! धागा वाचला. कोट द्या हो कोणाला तरी, कसर लागेल.

---

पॉपकॉर्नवाला

जागा पकडून ठेवतो.

---

ठोका_चुकला

मी डॉक्टर आहे, हृदयविकाराचाच, म्हणून थोडं सांगतो.

स्लेटनला होतं ते एट्रियल फिब्रिलेशन. हृदयाचे वरचे दोन कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरत राहतात आणि खालच्या कप्प्यांना हुकूम वाटेल तेव्हा पोचतो. मनगटावर तीन बोटं ठेवली की कळतं. एक ठोका, एक ठोका, मग रिकामं, मग दोन घाईघाईने, मग पुन्हा रिकामं. मी विद्यार्थ्यांना सांगतो, ठेका चुकला असं समजू नका, इथे ठेकाच नाही. त्याच्या कागदावर ‘इडिओपॅथिक’ असं लिहिलं होतं. म्हणजे आम्हाला माहीत नाही. आमच्या धंद्यात ‘माहीत नाही’ला ग्रीक शब्द आहे, त्यामुळे फी घेता येते.

पण धागाकर्त्याने डॉक्टरांना जरा झोडपलंय, तिथे माझी हरकत. १९६२ च्या मार्चमधली परिस्थिती बघा. तोवर पृथ्वीभोवती फिरून आलेला अमेरिकन एकच होता, ग्लेन. वजनरहित अवस्थेत आणि परत येतानाच्या दाबाखाली चांगलं हृदय कसं वागतं याचीच पुरती कल्पना नव्हती, तिथे असं हृदय पाठवायचं? त्यांनी बोलावलेल्या तज्ज्ञांचा सूर असा होता की काही होईलच असं नाही, पण हा दोष नसलेला दुसरा माणूस तयार असेल तर त्याला पाठवा. माझ्यासमोर फाईल आली असती तर मीही तेच लिहिलं असतं. मग त्या रात्री मला झोप लागली नसती, ही गोष्ट वेगळी.

---

नाखवा

डॉक्टर, तुमच्यासारख्याच एकाने माझ्या फाईलवर लिहिलं होतं. राग नाही, सांगतो फक्त.

आमचं घर मालवणकडचं. आजोबा तांडेल, वडील आणि दोन्ही काका मर्चंट नेव्हीत. मीही बारावीनंतर फॉर्म भरला. मेडिकलला ती ठिपक्यांची वही असते ना, रंगीत ठिपक्यांत आकडा ओळखायचा. एका पानावर सगळ्यांना ७४ दिसतो. मला २१ दिसला. अगदी स्वच्छ. मी मोठ्याने, आत्मविश्वासाने ‘ट्वेंटी वन’ म्हटलं. समोरच्याने वही मिटली. त्याने वही कशी मिटली ते मला आज २२ वर्षांनी आठवतं, दोन बोटांनी, हळूच, एखाद्या पोराला लागू नये तशी.

लाल-हिरवा न कळणाऱ्याला जहाजाच्या ब्रिजवर उभं करत नाहीत, आणि करूही नये. रात्री समोरून येणाऱ्या बोटीची डावी-उजवी बाजू त्या दोन दिव्यांवरूनच कळते.

आता मी मुंबईत एका मॅनिंग ऑफिसात आहे. कोणाला कुठल्या बोटीवर साइन ऑन करायचं, कोणाचा रिलीव्हर कधी पाठवायचा, दिवसभर तेच. म्हणजे मीही बाकावरचाच. खरं सांगायचं तर पहिली दोन वर्षं मी वाईट वागलो. पोरांच्या सीडीसीत (खलाशाचं नोंदपुस्तक), मेडिकलमध्ये खोट काढायला मला बरं वाटायचं. एखाद्याचा कागद एक दिवसाने कमी पडला की परत पाठवायचो, फोन करून भागलं असतं तरी. नंतर ते आपोआप गेलं. कसं गेलं ते विचारू नका, मला सांगता येणार नाही. एवढंच की एके दिवशी एक पोरगा जॉइन व्हायला निघाला आणि मी त्याच्या आईला फोनवर फ्लाइटची वेळ सांगत बसलो होतो, तेव्हा लक्षात आलं की गेले कित्येक महिने मला तसं वाटलेलं नाही.

तेव्हा उत्तर : करता येतं. पण लगेच नाही.

---

गुळपोळी

नाखवा, वही मिटली ते वाचून गलबलून आलं.

---

खडूस_कारकून

सगळे भावुक झालेत, आता मी येतो.

एक, बाराच्या बारा नाही, अकरा म्हणा. अपोलो १७ साठी स्लेटनने कमांडर सर्नानबरोबर जो एंगलचं नाव दिलं होतं. शास्त्रज्ञांनी ओरड केली की चंद्रावर एक तरी भूगर्भतज्ज्ञ जाऊ द्या, पुढच्या मोहिमा तर रद्द होताहेत. वरून दबाव आला, एंगल गेला आणि हॅरिसन श्मिट आला. म्हणजे या साहेबांच्या हिशेबात चंद्रावर वैमानिकच हवेत, दगड ओळखणारा नको. दगड आणायला गेलेत, बरं का.

दोन, अ‍ॅलन शेपर्ड. पहिला अमेरिकन अंतराळवीर, पुढे कानाच्या आजाराने चक्कर यायला लागली म्हणून जमिनीवर. स्लेटनचा जिगरी दोस्त, त्याच्याच हाताखाली अंतराळवीर कार्यालयाचा प्रमुख. म्हणजे उडायची बंदी असलेली दोन माणसं उडणाऱ्यांची हजेरी घेत बसलेली. शेपर्डच्या कानाची शस्त्रक्रिया झाली, १९६९ च्या मे महिन्यात परवानगी मिळाली आणि लगेच स्लेटनने त्याचं नाव अपोलो १३ च्या कमांडरपदी लावलं! अंतराळातला अनुभव किती, १५ मिनिटं. रांगेत गॉर्डन कूपर होता, दोनदा जाऊन आलेला, अपोलो १० चा राखीव कमांडर. तो चिडून पुढच्या वर्षी नासा सोडून गेला. हे सरळ मन? आमच्या खात्यात याला ‘साहेबांचा माणूस’ म्हणतात.

---

बे_एरिया_बंड्या

खडूसराव, मुद्दे बरोबर, पण अर्धेच.

स्लेटनची पद्धत साधी होती. प्रत्येक उड्डाणाला एक मुख्य चमू, एक राखीव. राखीव चमूने दोन उड्डाणं सोडून तिसऱ्याला जायचं. सर्वसाधारणपणे असंच, पण कागदावर कधीच नाही. अपोलो ८ चा राखीव चमू आर्मस्ट्राँगचा, म्हणून तो ११ ला. आता यात नशीब बघा. आधी ८ वर मॅकडिव्हिट जाणार होता, चांद्रयानाची (चंद्रावर उतरायच्या यानाची) चाचणी घ्यायला, आणि त्याचा राखीव कमांडर होता पीट कॉनरॅड. चांद्रयान वेळेत तयार झालं नाही म्हणून ८ आणि ९ ची अदलाबदल झाली. नाहीतर रांगेनुसार ११ वर कॉनरॅड असता आणि आपण सगळे लहानपणी प्रश्नमंजूषेत ‘कॉनरॅड’ लिहीत बसलो असतो.

आर्मस्ट्राँगला त्याने २३ डिसेंबर १९६८ ला बोलावलं, अपोलो ८ चंद्राच्या वाटेवर असताना. ११ देऊ केलं आणि वर विचारलं, ऑल्ड्रिनबद्दल कुरकुरी ऐकतोय, हवा तर त्याच्या जागी लव्हेल देतो. आर्मस्ट्राँगने एक रात्र विचार केला आणि सांगितलं, ऑल्ड्रिन चालेल, लव्हेलला स्वतःचं यान मिळायला हवं. ही खोलीतली बोलणी खोलीतच राहिली. ऑल्ड्रिनला कितीतरी वर्षं पत्ता नव्हता म्हणे.

शेपर्डबद्दल : कूपर सरावाला मन लावत नाही, गाड्यांच्या शर्यतीत रमतो, हे स्लेटनचं मत नुसतं मैत्रीपोटी नव्हतं. आणि शेपर्डला १३ वर नको, सरावाला अजून वेळ द्या, असं वॉशिंग्टनने सांगितल्यावर तो १४ वर गेला आणि लव्हेलचा चमू १३ वर आला. १३ च्या यानात वाटेत स्फोट झाला ते सर्वांना माहीत आहे. म्हणजे ‘साहेबांचा माणूस’ वशिल्याने स्फोटात सापडायचा तो वाचला.

---

खडूस_कारकून

म्हणजे वशिल्याला वरच्या वशिल्याने हाणून पाडलं आणि त्यामुळे जीव वाचला. हे तर आमच्याच खात्यात घडलेलं दिसतं.

---

पॉपकॉर्नवाला

एक पुडा संपला. दुसरा फोडलाय.

---

रेवा_तिरकी

वाचतेय केव्हाची. सगळ्यांना स्लेटनचं वाईट वाटतंय, मलाही वाटतंय. पण त्याच १९६२ मध्ये जुलैत जेरी कॉब नावाची वैमानिक अमेरिकन काँग्रेसच्या समितीपुढे बसली होती. त्या सात जणांच्या ज्या शारीरिक चाचण्या घेतल्या होत्या, त्याच धर्तीच्या चाचण्या तिने आणि आणखी १२ बायकांनी पार केल्या होत्या. तिचं हृदय ठणठणीत होतं. पण अट होती लष्करी जेट चाचणी वैमानिक असण्याची आणि लष्कर बायकांना ते होऊ देत नव्हतं. ग्लेन साहेबांनी समितीला सांगितलं की बायका या क्षेत्रात नाहीत ही आपली सामाजिक रीत आहे.

स्लेटनने तेरा वर्षं वाट पाहिली आणि गेला. कॉब २०१९ मध्ये वारली, वाट पाहतच. पहिली अमेरिकन बाई, सॅली राइड, जाईपर्यंत १९८३ उजाडलं.

धागा भरकटवायचा नाही. फक्त ‘न मिळालेली गोष्ट’ म्हणताना कोणाकोणाला मिळाली नव्हती ते आठवलं.

---

बाकावरचा

रेवाताई, भरकटला नाही. मी हे लिहायला हवं होतं.

खडूसराव, अकरा मान्य. श्मिटच्या बाबतीत स्लेटन चुकलाच. पण त्याच्यावर नुसता ‘दोस्तांचा दोस्त’ असा शिक्का मारू नका. अपोलो १५ च्या पाकिटांचं प्रकरण बघा की.

---

गुळपोळी

कसली पाकिटं?

---

बे_एरिया_बंड्या

टपालाची. स्कॉट, वॉर्डन आणि आयर्विन या तिघांनी सुमारे ४०० तिकीट लावलेली पाकिटं परवानगी न घेता चंद्रापर्यंत नेऊन आणली. त्यातली १०० एका जर्मन तिकीटविक्रेत्यासाठी. बदल्यात प्रत्येकाला सात हजार डॉलरच्या आसपास मिळायचे होते. विक्रेत्याने लगेच विकायला काढली आणि बिंग फुटलं. तिघांनी पैसे परत केले. तोवर ते अपोलो १७ चे राखीव होते. स्लेटनने तिघांनाही काढलं. स्कॉट त्याचा लाडका होता, तरीही.

---

सांगलीकर_खवय्या

आमच्या ऑफिसात परदेशातून येणारा विमानतळावरच्या चॉकलेटचा एक डबा आणतो, त्यात तीस माणसं. हे लोक चंद्रावरून येताना धंदा घेऊन आले. मानलं.

बरं, त्याच्या स्वतःच्या उड्डाणाबद्दल कोणीच लिहीना. अपोलो-सोयुझ! अमेरिकन आणि रशियन यानं वर जोडली गेली, १७ जुलै १९७५. अमेरिकेचे स्टॅफर्ड, ब्रँड, स्लेटन, रशियाचे लिओनोव्ह आणि कुबासोव्ह. अमेरिकनांनी रशियन बोलायचं आणि रशियनांनी इंग्रजी, असं ठरलं होतं. स्टॅफर्ड ओक्लाहोमाचा, त्याचं रशियन इतकं गावरान की लिओनोव्ह म्हणायचा, या मोहिमेत तीन भाषा आहेत : रशियन, इंग्रजी आणि ओक्लाहोमस्की.

आणि जेवणाचा किस्सा. पाहुणे सोयुझमध्ये आले तर लिओनोव्हने नळ्या पुढे केल्या, वर लेबल व्होडकाचं. अमेरिकन घाबरले, कॅमेरा चालू आहे, सगळं जग बघतंय. हा म्हणतो, आमच्यात पिण्याआधी जेवत नाहीत. तोंडाला लावल्या तर आत बीटाचं सार! दारूच्या नळीत बोर्श्त. असला यजमान सांगलीतच शोभला असता.

---

गुळपोळी

बीटाचं सार 😂 फसवणूक ती फसवणूकच.

---

जुना_रेडिओ

तरुण मंडळींनी एक दुवा सोडला, तो जोडतो.

१९७५ मध्ये वडिलांच्या बदलीमुळे आम्ही विजापूर जिल्ह्यात होतो. आणीबाणी लागून महिना झाला नव्हता, पेपरात छापायला फारसं काही उरलं नव्हतं, त्यामुळे अपोलो-सोयुझचे फोटो चांगले मोठे आले. मी पाचवीत. लिओनोव्हच्या गोल चेहऱ्याचा फोटो वहीत चिकटवला होता. स्लेटनचं नाव आज नीट वाचतोय.

त्या मोहिमेचं चित्र आणि बोलणं पृथ्वीवर पोचवायला एक उपग्रह वापरला होता, एटीएस-६. आफ्रिकेतल्या व्हिक्टोरिया सरोवराच्या अंगाने वर, विषुववृत्तावर ३६ हजार किलोमीटरवर नेऊन ठेवला होता. आणि १ ऑगस्टपासून तोच उपग्रह आपला! ‘साइट’ नावाचा प्रयोग, सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत थेट उपग्रहावरून टीव्ही. महाराष्ट्र त्यात नव्हता, पण कर्नाटक होतं, त्यामुळे आमची चंगळ. त्या प्रयोगाची धुरा सांभाळणारे एकनाथ चिटणीस आपल्या कोल्हापूरचे.

शेजारच्या खेड्यात शाळेच्या आवारात ती छत्री उभी केली होती, दहा फुटांची. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्याच जाळीची. पहिल्या आठवड्यात एका म्हातारीने खरंच विचारलं होतं, यात कोंबड्या कधी सोडणार. संध्याकाळी सगळं गाव सतरंज्या घेऊन यायचं. कार्यक्रम शेतीचे, बाळाच्या लसीचे. मला कंटाळा यायचा, पण उठवत नव्हतं. ज्या उपग्रहाने जुलैत स्लेटनचा आवाज खाली आणला, त्यानेच ऑगस्टात आम्हाला खत कधी घालायचं ते सांगितलं.

---

नाखवा

रेडिओकाका, कोंबड्या 😄. असं काही वाचायलाच इथे येतो.

---

ठोका_चुकला

फार छान. आता पुन्हा माझ्या विषयाकडे. स्लेटन परत पात्र कसा ठरला तेही सांगायला हवं. सिगारेट सोडली, दारू आणि कॉफी बंद केली, व्यायाम, जीवनसत्त्वं. १९७० नंतर ठोके बिघडायचे थांबले. कशाने, कोण जाणे, इथेही ग्रीक शब्द वापरता येईल. मग मेयो क्लिनिकमध्ये हृदयाच्या रक्तवाहिन्यांची रीतसर तपासणी झाली आणि मार्च १९७२ मध्ये, बरोबर दहा वर्षांनी, बंदी उठली. तोवर चंद्रावरच्या सगळ्या जागा त्याने स्वतःच वाटून टाकल्या होत्या! उरलं होतं एक यान, शेवटचं अपोलो. कमांडर टॉम स्टॅफर्ड, म्हणजे ज्याला यानेच जेमिनीवर आणि अपोलो १० वर नेमलं होतं. त्याच्या हाताखाली हा नवखा म्हणून बसला.

---

बे_एरिया_बंड्या

आणि उतरताना जीवावर बेतलं होतं. २४ जुलै. इंटरकॉमवर कर्कश आवाज होता, त्यात स्टॅफर्डने वाचलेली एक सूचना ब्रँडला ऐकू गेली नाही आणि पॅराशूटची स्वयंचलित व्यवस्था चालू करायची राहिली. चूक लक्षात येऊन हाताने बटणं दाबेपर्यंत दिशा बदलणारे छोटे इंजिन फुरफुरत राहिले आणि त्याच वेळी बाहेरची हवा आत घेणारी झडप उघडली. नायट्रोजन टेट्रॉक्साइड या विषारी रसायनाचा पिवळट-तपकिरी धूर थेट आत. यान समुद्रात आपटलं ते उलटं, तिघे पट्ट्यांना लोंबकळलेले, खोकताहेत. स्टॅफर्डने कसेबसे प्राणवायूचे मुखवटे काढून दिले, ब्रँड बेशुद्धच पडला होता. तिघांना होनोलुलूला दवाखान्यात ठेवलं.

तिथे फुप्फुसांच्या तपासण्या झाल्या, त्यात स्लेटनच्या फुप्फुसावर डाग दिसला. शस्त्रक्रिया केली, साधी गाठ निघाली, कर्करोग नव्हता. पण हा डाग उड्डाणाआधी सापडला असता तर?

---

खडूस_कारकून

तर परत फाईल. परत १९६२.

डॉक्टर, तुमची मंडळी एकदा तरी वेळेवर चुकली म्हणायची.

---

ठोका_चुकला

मान्य. आयुष्यात पहिल्यांदा एखादा डाग सुटला याचा आनंद झाला.

---

रेवा_तिरकी

हे माहीत नव्हतं. त्याच्याबद्दलचा राग थोडा कमी. थोडाच.

---

नाखवा

एक गोष्ट राहिली, ती माझ्या मते धाग्याच्या प्रश्नाचं उत्तर आहे.

अमेरिकन अंतराळवीरांना छोटी पिन असते. प्रशिक्षण पूर्ण केलेल्याला चांदीची, जाऊन आलेल्याला सोन्याची. स्लेटनकडे सोन्याची असायचं कारणच नव्हतं. अपोलो १ च्या तिघांनी, ग्रिसम, व्हाइट आणि चॅफीने, त्याच्यासाठी वेगळी करून घेतली, सोन्याची आणि वर हिरा. आपल्याबरोबर अंतराळात नेऊन आणायची आणि त्याला द्यायची असा बेत. २७ जानेवारी १९६७ ला सरावात यानाला आग लागली आणि तिघेही गेले. स्लेटन त्या संध्याकाळी तळाजवळच्या नियंत्रण कक्षातच होता. नंतर तिघांच्या बायकांनी ती पिन त्याला आणून दिली. पुढे आर्मस्ट्राँगबरोबर ती अपोलो ११ वर चंद्रापर्यंत जाऊन आली.

ज्यांच्या नेमणुका तो करायचा त्यांनी त्याच्यासाठी गुपचूप सोनाराकडे जाणं, हे वशिल्याने होत नाही खडूसराव. आमच्या ऑफिसात मला बोटीवरून एका पोराने एकदा शंख आणून दिला होता. टेबलावर आहे. किंमत काही नाही त्याची.

---

खडूस_कारकून

पिनवर माझ्याकडे उत्तर नाही. कूपरच्या मुद्द्यावर मात्र ठाम.

---

जुना_रेडिओ

खडूसराव गप्प झाले, तारीख लिहून ठेवा.

---

पॉपकॉर्नवाला

सहा वर्षांत पहिल्यांदा.

---

बाकावरचा

आठवड्याने येतोय, माफ करा. वर्षाखेरीची यादी लावायची होती.

पाच नावं होती, जागा दोन. एक मुलगी, कामात सगळ्यात सरस, तिच्याबद्दल शंका नव्हती. दुसऱ्या जागेसाठी दोघांत घुटमळलो. एक माझ्याशी फार गोड, दुसरा तोंडाळ, मिटिंगमध्ये मला सगळ्यांसमोर खोटं पाडतो, पण क्लायंटचा फोन रात्री दोनला आला तर उचलणारा तोच. दोन दिवस गोड पोराचं नाव लिहून पुसत होतो. नाखव्याने लिहिलेलं ‘खोट काढायला बरं वाटायचं’ डोक्यात फिरत होतं. तोंडाळाचं नाव पाठवलं. सरळ मनाने पाठवलं का? नाही. पाठवताना पोटात दुखलं. पण पाठवलं.

शिकागोला चाललाय, जानेवारीत. काल जेवणाच्या सुट्टीत आला आणि म्हणाला, ‘सर, तुमच्याकडे कोट आहे म्हणे?’

आज सकाळी पिशवी सोडली. कोटाच्या खिशात त्या वेळचा परकीय चलनाच्या दुकानाचा कागद सापडला, डॉलर ४५ रुपये. बाह्या त्याला दोन बोटं लांब आहेत, खांद्यात बरोबर.

---

गुळपोळी

अहो आधी ड्रायक्लीनला टाका. डांबरगोळ्यांचा वास घेऊन इमिग्रेशनच्या रांगेत उभा राहील बिचारा.